सुट्टीतलं क्लिनिकल ट्रेनिंग: नागपुरात काय शिकायचं, कुठल्या कागदापासून लांब राहायचं

प्रश्न असा आहे : "मी नागपूरची, मानेवाड्याची. कझाकस्तानात मेडिकलचं चौथं वर्ष संपलं. जुलै-ऑगस्टचे सात आठवडे घरी आहे. तिकडे वॉर्डात नेतात, पण पेशंट रशियन नाहीतर कझाक बोलतात. आम्ही पंधरा जण मागे उभे राहतो आणि सर दहा मिनिटांत केस संपवतात. बाबांना एका कन्सल्टंटने सांगितलंय की सुट्टीत इथल्याच हॉस्पिटलचं क्लिनिकल ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळेल, ते लावलं की विद्यापीठाची समर प्रॅक्टिस माफ होते आणि पुढे नोंदणीलाही कामी येतं. पैसे भरावेत का? आणि खरंच शिकायचं असेल तर या सात आठवड्यांत काय करू?"

पैसे भरू नकोस. फक्त पैसे वाया जातील एवढ्यावर हे थांबत नाही. ते सर्टिफिकेट उद्या तुझ्याच पदवीच्या आड येऊ शकतं, म्हणून आधी नियम नीट समजून घे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ ला लागू झाले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या सगळ्यांना ते लागू आहेत, म्हणजे तुलाही. त्यात चार गोष्टी अगदी स्पष्ट आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातून हवा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी. त्या देशात, तिथल्या नागरिकांसारखाच डॉक्टरकीचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. आणि चौथी गोष्ट तुझ्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे : प्रशिक्षणाचा किंवा इंटर्नशिपचा कोणताही भाग भारतात, किंवा पदवीच्या देशाबाहेर अन्यत्र, झालेला चालत नाही.

आता हे तुझ्या समर प्रॅक्टिसला लावून बघ. तुमच्याकडे पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर मदतनीस आणि नर्स म्हणून, पुढे डॉक्टरांचा सहायक म्हणून उन्हाळी प्रॅक्टिस असते. ती अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि तिचे क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर चढतात. ती नागपूरच्या हॉस्पिटलात केल्याचा कागद तू जोडलास, तर अभ्यासक्रमाचा एक तुकडा भारतात झाल्याची नोंद तू स्वतःच्या हाताने करून ठेवलीस असं होईल. उलट, ती कझाकस्तानात केली असं दाखवलं आणि त्या तारखांना पासपोर्टवर नागपूर नाहीतर दिल्ली विमानतळाचा शिक्का निघाला, तर ते खोटं ठरेल. नोंदणीच्या वेळी पासपोर्टची पानं व्हिसा आणि येण्याजाण्याच्या शिक्क्यांसकट तपासली जातात. म्हणून तिकडची प्रॅक्टिस तिकडेच कर, त्यासाठी सुट्टी दोन आठवड्यांनी कमी झाली तरी हरकत नाही. जुना पासपोर्ट संपला तरी टाकू नकोस.

नागपुरात तू जे करशील ते विद्यापीठाच्या हिशेबाबाहेरचं, निव्वळ शिकण्यासाठीचं निरीक्षण असेल. त्याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. त्याचं पत्र मिळालं तर फाइलला ठेव, पण ते कुठेही क्रेडिट म्हणून देऊ नकोस. हॉस्पिटल पत्र देणारच असेल तर त्यात 'ट्रेनिंग' किंवा 'इंटर्नशिप' हे शब्द नकोत, 'निरीक्षक म्हणून उपस्थित' एवढंच असावं, असं आधीच सांग.

निरीक्षक म्हणजे काय, हेही नीट कळायला हवं. भारतात तुझी कुठल्याही परिषदेकडे नोंदणी नाही. सुई लावणं, टाके घालणं, कॅथेटर, प्रसूती, औषध लिहिणं यातलं काहीही तू करायचं नाही, कोणी कौतुकाने "कर गं, शिकशील" म्हणालं तरी. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री मनुष्यबळ कमी असतं आणि परदेशी शिकणारी मुलं फुकटात हाताशी येतात, धोका तिथेच जास्त. मात्र पेशंटची परवानगी घेऊन आणि जबाबदार डॉक्टर सोबत असताना माहिती विचारणं, नाडी बघणं, पोट तपासणं, छाती ऐकणं हे शक्य आहे. सात आठवड्यांसाठी एवढं काम भरपूर आहे.

कुठे जायचं? मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं किंवा मिहानचं एम्स, इथे परवानगी मिळायला वेळ लागतो आणि ती मिळेलच असं नाही. तरी अर्ज कर. तो अधिष्ठात्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत द्यायचा. सोबत विद्यापीठाचं इंग्रजीतलं बोनाफाइड, ओळखपत्र आणि पासपोर्टची प्रत, लसीकरणाचा पुरावा, आणि 'मी कोणतीही प्रक्रिया करणार नाही, रुग्णाची माहिती गोपनीय ठेवीन' असं हमीपत्र. तारखा, विभाग आणि रोजची वेळ अर्जातच लिही. मोघम अर्ज टेबलावर पडून राहतो. हे कागद जूनमध्येच, तिकडून निघण्याआधी, ई-मेलने पाठवलेले बरे, कारण इथे पोचल्यावर सुरुवात केली तर दोन आठवडे फेऱ्यांतच जातात. हिंगण्याच्या बाजूची खासगी महाविद्यालयं, धंतोली-रामदासपेठेतली मोठी हॉस्पिटलं आणि वर्ध्याजवळ सेवाग्राम-सावंगी इथेही विचारता येईल. घरच्यांच्या ओळखीचे चांगले फिजिशियन असतील तर संध्याकाळची त्यांची ओपीडी अजिबात कमी लेखू नकोस. शुगर, बीपी, थायरॉइड, दमा आणि साधा ताप कसा हाताळतात हे तिथे जितकं दिसतं तितकं मोठ्या वॉर्डात दिसत नाही.

या वयात सगळ्यांना ऑपरेशन थिएटर हवं असतं. निरीक्षकाला तिथे सर्जनची पाठ आणि ड्रेप दिसतो. त्यात फार दिवस घालवू नकोस. चार विभागांत थोडे-थोडे दिवस फिरण्यापेक्षा जनरल मेडिसिनच्या एकाच युनिटला पाच आठवडे चिकटून राहा आणि उरलेले दोन बालरोगला दे. एकाच युनिटमध्ये राहिलं की भरतीच्या दिवशी आलेला पेशंट सहाव्या दिवशी कसा आहे ते दिसतं, आजाराची चाल कळते. शिवाय दुसऱ्या आठवड्यापासून निवासी डॉक्टर तुला नावाने ओळखतात आणि शिकवतात. पहिल्या आठवड्यात त्यांना तुझ्यासाठी वेळ नसतो, हे गृहीतच धर.

रोज काय करायचं ते सांगतो. दिवसाला एक पेशंट घे, नवीन भरती झालेला. त्याची फाइल आणि रिपोर्ट बघायचे नाहीत. आधी तक्रारी त्याच्याच शब्दांत, ज्या क्रमाने सुरू झाल्या त्या क्रमाने लिही. "धाप लागून राह्यली", "हातपाय गळून राह्यले", "पोटात गोळा फिरून राह्यला" असं जे म्हणेल ते तसंच. छिंदवाडा, बालाघाट, सिवनीकडचे पेशंट हिंदीत सांगतील, गडचिरोलीकडच्यांना कधी नातेवाइकाची मदत लागेल. प्रत्येक तक्रारीला सुरुवात कधी, वाढ कशी, कशाने कमी-जास्त होतं, सोबत काय, हे विचार. मग काय नाही तेही लिही : पायांवर सूज नाही, रात्री उठून बसावं लागत नाही, लघवी कमी नाही. निदानातला निम्मा फरक या 'नाही'मध्ये असतो आणि तिकडे शिकलेल्या मुलांच्या केसमध्ये नेमका हाच भाग कोरा असतो. त्यानंतर जुने आजार, चालू औषधं, काम, व्यसन, पाळी, घरातले आजार.

मग तपासणी. नाडी पूर्ण एक मिनिट मोज. श्वास मोजताना पेशंटला कळू देऊ नकोस, मनगट हातातच ठेवून त्याच्या पोटाकडे बघ आणि पूर्ण मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याच्या सवयीने २२ चा श्वास २४ लिहिला जातो, नाहीतर २०. बीपीचा कफ बाहीवर बांधू नकोस. आधी मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून ती कुठल्या आकड्याला बंद होते ते बघ, मग स्टेथोस्कोप लावून त्याच्या २०-३० वर जा आणि सेकंदाला २ मिलिमीटरच्या वेगाने खाली ये. प्लीहा तपासायला सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यातून कर आणि प्रत्येक श्वासाला एक-दोन सेंटिमीटर डावीकडे वर सरक. डाव्या बरगडीखालून सुरुवात केली तर खूप मोठी प्लीहा हाताखालीच असते आणि तिची कड सापडत नाही, विद्यार्थी "प्लीहा लागत नाही" असं लिहून मोकळा होतो. गळ्याची शीर बघताना पेशंट ४५ अंशांत टेकलेला हवा. सपाट झोपवून बघितली तर निरोगी माणसाचीही भरलेली दिसते.

शेवटी एक निदान आणि दोन पर्याय लिही, प्रत्येकापुढे बाजूचे आणि विरोधातले मुद्दे. आता फाइल उघड. जिथे चुकलीस तिथे लाल पेनने कारण लिही : विचारलंच नाही, तपासलं पण दिसलं नाही, की दिसलं पण अर्थ लागला नाही. या तीन चुकांचे उपाय वेगवेगळे असतात. पहिल्या केसला दीड तास लागेल, पाचव्या आठवड्यात तो अर्ध्या तासावर यायला हवा. आठवड्यात दोनदा तरी एखाद्या निवासी डॉक्टरला पाच मिनिटांत केस उभी करून सांग. बोलून दाखवल्याशिवाय आपल्याला कुठे गोंधळ आहे ते कळत नाही. वहीत पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक किंवा फोटो ठेवायचा नाही. वय, लिंग, जिल्हा एवढं पुरे. वॉर्डातला एक्स-रे मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकणं हे निरीक्षकाची परवानगी जायचं सगळ्यात सामान्य कारण आहे.

तिकडे तुम्हाला तपासणीची जी पद्धत शिकवतात ती चुकीची नाही, पण इथल्या परीक्षकाला ती ओळखीची नसते. कुर्लोव्हच्या पद्धतीने यकृताची तीन मापं, ९-८-७ सेंटिमीटर, तू पाठ केली असशील. इथे मिडक्लॅविक्युलर रेषेवरचा (गळ्याजवळच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली) एकच लिव्हर स्पॅन, म्हणजे यकृताची उंची, सांगतात आणि बरगडीखाली किती सेंटिमीटर लागतं, कड कशी आहे, दुखतं का, ते विचारतात. ओब्राझ्त्सोव्ह-स्त्राझेस्को पद्धतीने आतड्याचा एकेक भाग चाचपायचा क्रम इथे कोणी विचारत नाही, पण पोटावर हात फिरवायची जी शिस्त त्यातून लागते ती उपयोगी आहे, ती सोडू नकोस. दोन्ही पद्धती येऊ देत, फक्त सांगताना समोर कोण आहे ते बघ.

जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भातल्या मेडिसिन वॉर्डात जे दिसतं ते अल्माटी किंवा करागंडाच्या वॉर्डात क्वचितच दिसेल, म्हणून सुट्टीचा खरा फायदा इथे आहे. साप, विषबाधा आणि पावसाळी ताप, या तीन गोष्टी मनापासून बघ.

सर्पदंश आला की वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी जवळ उभी राहून बघ. नवी, कोरडी, काचेचीच नळी, तीत शिरेतलं ताजं २ मिलिलिटर रक्त, आणि वीस मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने गोठण्याची क्रिया बिघडली आहे. चाचणी फसते ती नळीमुळे. साबणाने धुतलेली नळी वापरली की निरोगी रक्तही गोठत नाही, आणि प्लॅस्टिकच्या नळीतही गोठणं लांबतं. मधे कोणी 'झालं का' म्हणून हलवून बघितलं तरी निकाल बिघडतो. प्रतिविष सुरुवातीला साधारण १० वायल, सलाइनमधून तासाभरात, आणि शेजारी अॅड्रेनलिनची सिरिंज भरून ठेवलेली, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम स्नायूत. मूल असो की मोठा माणूस, प्रतिविषाचा डोस तोच, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं. चाचणी पुन्हा सहा तासांनी. मण्यारीचा पेशंट मात्र वेगळाच येतो : रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलेला, दंशाची खूण जवळजवळ नाही, सूज नाही, आणि थोड्या वेळाने पापण्या जड. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आणि झुकलेल्या पापण्या एकत्र दिसल्या तर सापाचा विचार करायचा, हे तिथे एकदा बघितलं की कायमचं लक्षात राहतं.

कीटकनाशकाची विषबाधा फवारणीच्या हंगामात वाढते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते देशाने बघितलं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकांमध्ये बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, स्नायूंची थरथर. त्यावरचं औषध अॅट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात आणि थांबायचं कधी हे छाती ठरवते : घरघर गेली, काख कोरडी झाली, नाडी आणि वरचं बीपी ८० च्या वर. बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघत राहिलं तर अॅट्रोपिनच जास्त होतं, पेशंट बडबडतो, ताप चढतो. तुझ्यासारख्या निरीक्षकाला इथे खरोखर शिकण्याजोगं काम आहे. परवानगी घेऊन दर अर्ध्या तासाने छाती ऐक आणि स्वतःच्या वहीत तक्ता भर. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पेशंटला उशीवरून डोकं उचलायला सांगतात, ते का, ते नीट बघ. डोकं उचलता येईनासं झालं तर श्वासाचे स्नायू कमजोर पडायला लागल्याची ती पहिली सूचना असते, तोवर ऑक्सिजनचा आकडा चांगलाच दिसत असतो.

तापाच्या पेशंटमध्ये डेंग्यू आणि मलेरियाच्या जोडीला स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किडा चावल्याने येणारा ताप, शोध. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. चावलेल्या जागेची काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली असते. ती दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही, आणि अंग उघडून कोणी बघत नाही म्हणून सापडत नाही. स्त्री रुग्णांमध्ये तर ती हमखास सुटते. तू मुलगी आहेस, पडदा लावून, सिस्टरला सोबत घेऊन बघू शकतेस, आणि यात तुझा युनिटला खरा उपयोग होईल. डॉक्सिसायक्लिनने दोन दिवसांत ताप उतरतो, इतका सोपा उपचार, पण निदान उशिरा झालं की फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं जातात.

सिकलसेलबद्दल एकच गोष्ट सांगतो. पुस्तकात लिहिलंय की मोठ्या वयात प्लीहा आक्रसून जाते. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहतं आणि तरुण वयातही प्लीहा हाताला लागू शकते. त्यामुळे प्लीहा लागली म्हणून सिकलसेल खोडून काढू नकोस. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्या प्रत्येक पेशंटचं तोंड उघडून बघ. त्याची तीन बोटं उभी आत जातात का, गालाची आतली कातडी पांढरी, ताठ लागते का, न भरणारी जखम आहे का. यात एक मिनिट जातं आणि तोंडाचा कर्करोग लवकर सापडतो.

यातलं काहीही करण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण हवी : ०, १ आणि ६ महिने, आणि तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी किमान १०. लस घेतली आहे एवढं सांगणं पुरत नाही, पातळी तपासलेली असावी. निरीक्षकालाही सुई टोचू शकते, ट्रेजवळ उभं राहिलं तरी. टोचली तर साबण-पाण्याने धू, पिळू नकोस, बोट तोंडात घालू नकोस, लगेच सांग. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर अर्थ राहत नाही. लाजेखातर लपवणारी मुलं तो वेळ घालवतात.

आता परत गेल्यावरचं, कारण तुझं खरं प्रशिक्षण तिथेच व्हायचं आहे. अडचण पंधरा जणांच्या घोळक्यापेक्षा भाषेची जास्त आहे. वर्ग इंग्रजीत चालतो, पण पेशंट इंग्रजी बोलत नाही, मग केस म्हणजे शिक्षकाने भाषांतर करून दिलेलं चार ओळींचं टिपण होतं. रशियनमधली साठ-सत्तर वाक्यं पक्की केलीस तर हे बदलतं, पूर्ण भाषा यायची गरज नाही. 'ना श्तो झालुयितेस', काय त्रास होतोय. 'ग्द्ये बालीत', कुठे दुखतं. 'काग्दा नाचालोस', कधी सुरू झालं. 'दिशीते', श्वास घ्या, 'नि दिशीते', रोखून धरा. पण प्रश्न पाठ करून भागत नाही, उत्तरं कळायला हवीत. धाप म्हणजे 'आदीश्का', मळमळ म्हणजे 'ताश्नीत', छातीतली जळजळ म्हणजे 'इझ्झोगा'. म्हणून तक्रारींचे शब्द आधी शिक, प्रश्न नंतर. वयस्कर, खेड्यातल्या पेशंटसाठी कझाकमधली दहा वाक्यं वेगळी. वॉर्डातल्या सिस्टर आणि आया ही भाषा सगळ्यात चांगली शिकवतात, त्यांना चहा विचार, त्यांच्यासोबत बीपी घेत फिर.

तुमचे विषय सायकलने असतात, दोन-तीन आठवडे एकच विषय आणि तो संपला की पुढचा. सायकलच्या शेवटी 'इस्तोरिया बोलेझनि', म्हणजे एका पेशंटचा पूर्ण लेखी इतिहास, द्यावा लागतो. बहुतेक भारतीय मुलं सीनियरची फाइल मिळवून नाव बदलतात. सहा वर्षांतली तीस-चाळीस केस लिहायची संधी अशी जाते, आणि ती कोणी परत देत नाही. खरा पेशंट घे, नागपुरात जी पद्धत बसवली तीच लाव, शिक्षकाला दाखव. गटातल्या एकीशी जोडी जमव. पंधरा जणांना पेशंट तपासू देणार नाहीत, पण वर्ग संपल्यावर दोघींनी विचारलं तर बहुतेक शिक्षक हो म्हणतात. रात्रीची ड्युटी, 'देझुर्स्त्वो', स्वतःहून माग, विशेषतः आपत्कालीन रुग्णालयात. रात्री विद्यार्थी कमी असतात आणि डॉक्टरला मदत हवी असते. तिथे तू त्या देशाच्या नियमांनुसार, देखरेखीखाली, हाताने काम करू शकतेस. टाके, कॅथेटर, ईसीजी हे सगळं शिकायची जागा तीच.

शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपची नोंद पहिल्या दिवसापासून ठेव. विभाग, तारीख 'पासून-पर्यंत', हॉस्पिटलचं नाव, प्रमुखाची सही आणि शिक्का, सगळं इंग्रजीत. विषयांत मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, ऑर्थो, नेत्र, कान-नाक-घसा, त्वचा, मानसोपचार, कम्युनिटी मेडिसिन आणि आकस्मिक विभाग दिसायला हवेत. ट्रान्सक्रिप्टवर शिक्षणाचा कालावधी आणि इंटर्नशिप वेगवेगळी लिहून घे. '६ वर्षे' असं एकत्र लिहिलं की ५४ अधिक १२ महिन्यांचा हिशेब सिद्ध करायला पत्रव्यवहार करत बसावं लागतं, आणि देश सोडल्यावर विद्यापीठाकडून एक ओळ बदलून घेणं फार अवघड जातं. पदवी आणि गुणपत्रकांवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का) तिथेच करून घे. परवान्याच्या पात्रतेबद्दल विद्यापीठाच्या परदेशी विभागाचं तोंडी आश्वासन चालत नाही, तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा नियम लेखी मिळव.

पुढचा टप्पा एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीधरांची भारतातली पात्रता परीक्षा; तिच्या जागी येणारी नेक्स्ट परीक्षा प्रत्यक्ष लागू होईपर्यंत हीच. ३०० प्रश्न, १५० ला पास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०० गुण क्लिनिकल विषयांचे : मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, कम्युनिटी मेडिसिन ३०, बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५, बाकी इतर. कम्युनिटी मेडिसिनकडे तिकडची मुलं दुर्लक्ष करतात, कारण भारताचे कार्यक्रम, लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचे उपचार तिकडच्या पुस्तकांत नसतात. सुट्टीत क्षयरोग केंद्रात किंवा लसीकरणाच्या सत्रात दोन सकाळी बसलीस तर त्या ३० गुणांतलं बरंच डोळ्यांसमोर येईल.

परीक्षा पास झाल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी आणि मग इथली एक वर्षाची इंटर्नशिप. परदेशी पदवीधरांसाठी महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच जागा असतात. २५० प्रवेशक्षमतेच्या महाविद्यालयात त्या १८ च्या आसपास भरतात, म्हणून नागपूरच मिळेल हे धरून बसू नकोस, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, अकोला हे पर्यायही मनात ठेव. पेशंटची संख्या तिथेही कमी नाही आणि इंटर्नच्या हाताला काम बऱ्याचदा जास्त मिळतं. या ५२ आठवड्यांत कम्युनिटी मेडिसिन १२, स्त्रीरोग-प्रसूती ७, मेडिसिन आणि सर्जरी प्रत्येकी ६, बालरोग ३ असे असतात. हे वर्ष पीजीच्या अभ्यासिकेत घालवून सही करून घेणारे बरेच भेटतील. परदेशातून आलेल्यांना तसं करणं परवडत नाही, कारण प्रसूती, टाके, नवजात बाळाला श्वास देणं, मृत्यूचा दाखला लिहिणं, मेडिको-लीगल केसची नोंद हे स्वतःच्या नावावर, नोंदणीसह करायची ही पहिलीच संधी असते. लेबर रूमच्या रात्रपाळ्या बदलून देऊ नकोस. मेडिको-लीगल केसचे फॉर्म आकस्मिक विभागात पहिल्या आठवड्यातच एकदा बसून वाचून घे. ते भरताना वेळ आणि जखमेचं माप चुकलं तर पुढे कोर्टात तुझीच सही समोर येते.